रिसीव्हर बदलला, स्टिक चालतात, पण बॅटरीचा आकडा येत नाही

रानपाखरू

नमस्कार मंडळी. तीन दिवस एकाच जागी अडकलोय, म्हणून हा धागा काढतोय.

पाच इंची क्वाड (चार पंख्यांचा ड्रोन) आहे, फ्लाइट कंट्रोलर (उड्डाण सांभाळणारा बोर्ड) एफ४ चिपचा, बरीच वर्षं वापरातला. त्यावर आजवर एसबसचा (रिमोटच्या आज्ञा फ्लाइट कंट्रोलरला सांगायचा एक प्रोटोकॉल) रिसीव्हर होता आणि टेलिमेट्रीसाठी, म्हणजे यानाकडून रिमोटकडे परत येणाऱ्या आकड्यांसाठी, त्याचीच स्मार्टपोर्ट नावाची तार वेगळ्या पॅडला लावलेली होती. रिमोट बॅटरीचा आकडा बोलून दाखवायचा आणि त्या आवाजावर भरवसा ठेवून मी उतरायचो. मागच्या पडझडीत रिसीव्हर फुटला, म्हणून एक्सप्रेसएलआरएस या रेडिओ प्रणालीचा २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर घेतला.

आधी नव्या रिसीव्हरची टीएक्स (पाठवायची) तार जुन्या एसबसच्या पॅडलाच जोडली. काहीच नाही. बॅटरी लावली की रिसीव्हरचा दिवा लुकलुकायचं सोडून नुसता स्थिर पेटून राहायचा, बाइंडही (रिमोटशी जोडी) होईना. रिसीव्हरच खराब निघाला असं वाटलं. मग ती तार यूआर्ट ६ (बोर्डवरचं एक सिरियल पोर्ट) च्या आर६ या घ्यायच्या पॅडवर नेली, दुसरी, आरएक्स (घ्यायची) तार टी६ या पाठवायच्या पॅडवर लावली, संगणकावरच्या सेटिंगच्या पोर्ट्स पानावर सिरियल आरएक्स (इथे रिसीव्हर आहे असं सांगणारं बटण) चालू केलं, प्रोटोकॉल सीआरएसएफ निवडला. लगेच बाइंड झालं. स्टिक हलवली की पट्ट्या हलतात, पंखे काढून मोटारीही फिरवून पाहिल्या.

पण बॅटरीचा आकडा नाही तो नाहीच. रिमोटवर नवे सेन्सर शोधायला लावले की दहा नावं येतात, त्यात व्होल्टेज नाही. पोर्ट्समध्ये त्याच ओळीत टेलिमेट्रीला स्मार्टपोर्ट द्यायचा प्रयत्न केला, तर सेव्ह केल्यावर ते आपोआप पुसलं जातं. फ्लाइट कंट्रोलर जुना आहे म्हणून हा प्रोटोकॉल त्याला अर्धाच कळतो, असं काही असतं का? आणि एसबसच्या पॅडवर दिवा स्थिर का राहिला, हेही कुणी सांगितलं तर बरं होईल. नुसतं चालून जाण्यापेक्षा मला ते समजून घ्यायचंय.

तारवाला

ती दहा नावं कोणती, ती जशीच्या तशी लिहा. उत्तर बहुतेक त्यातच आहे.

आणि स्मार्टपोर्टचा नाद सोडा. सीआरएसएफमध्ये टेलिमेट्रीसाठी पोर्ट्समध्ये वेगळं काही निवडायचं नसतं. सिरियल आरएक्स त्या यूआर्टवर असलं आणि टेलिमेट्रीचं बटण चालू असलं की फ्लाइट कंट्रोलर त्याच जोडीच्या टीएक्स पॅडवरून आकडे पाठवतो.

दुहेरी वाट

रानपाखरू, दिव्याचा प्रश्न विचारलात हे आवडलं. बहुतेक जण पॅड बदलून चाललं की पुढे जातात आणि दुसऱ्या बोर्डवर पुन्हा तिथेच अडकतात. जरा सविस्तर लिहितो.

अमुक रिसीव्हर तमुक फ्लाइट कंट्रोलरला चालतो का, हा प्रश्न आपण नावावरून विचारतो. खरं बघायचं असतं ते चार गोष्टींत. सिग्नल सुलटा आहे की उलटा, एका तारेवर दोघं आळीपाळीने बोलतात की दोन तारांवर एकाच वेळी, वेग किती, आणि आधी कोण बोलतं. या चारही जुळल्या तर बोर्ड दहा वर्षांचा असला तरी चालेल. एक जरी चुकली, तर कालचा बोर्डही गप्प बसेल.

एसबस फुताबा कंपनीचा. वेग १,००,००० बॉड (सेकंदाला इतके बिट), आठ बिटांमागे एक पॅरिटी आणि दोन स्टॉप बिट, आणि सिग्नल उलटा. म्हणजे नेहमीच्या यूआर्टवर रिकाम्या वेळी तार ३.३ व्होल्टवर असते, एसबसमध्ये ती शून्यावर असते. एफ३, एफ७ आणि एच७ जातीच्या एसटीएम३२ चिपमध्ये यूआर्टच्या आतच उलट-सुलट करायची सोय आहे, फर्मवेअरने (बोर्डच्या आतल्या सॉफ्टवेअरने) सांगितलं की झालं. एफ४ मध्ये ती नाही. म्हणून एफ४ बोर्ड बनवणारे एका पॅडच्या मागे बारीकसा इन्व्हर्टर बसवतात आणि त्या पॅडवर एसबस असं छापतात. तो पॅड उलट्या सिग्नलसाठीच राखलेला असतो.

सीआरएसएफ सुलटा आहे. टीबीएस कंपनीने तो आपल्या क्रॉसफायर रेडिओसाठी काढला, एक्सप्रेसएलआरएसने रिसीव्हर आणि फ्लाइट कंट्रोलर यांच्यातल्या बोलण्यासाठी तोच उचलला. तो एसबसच्या पॅडला लावला की इन्व्हर्टर प्रत्येक बिट पालटतो आणि आत पोचतो तो कचरा. दिव्याचं म्हणाल तर, असे काही पॅड तार खाली खेचून धरतात. या रिसीव्हरमधली चिप सुरू होताना काही पायांवरचा व्होल्टेज बघते आणि तार खाली दिसली तर बूटलोडरमध्ये (नवं फर्मवेअर घ्यायची वाट बघणारी अवस्था) जाऊन बसते. स्थिर दिवा म्हणजे तेच. तुमचा रिसीव्हर धडधाकट होता, चुकीच्या दाराशी उभा होता इतकंच.

आता स्मार्टपोर्ट. फ्रस्काय कंपनीचा हा प्रोटोकॉल ५७,६०० बॉडवर, उलटा, आणि एकाच तारेवर दोन्ही बाजूंचं बोलणं. त्यात रिसीव्हर हजेरी घेतो. साधारण दर १२ मिलिसेकंदांनी तो एक ठरलेला बाइट आणि त्यामागे एक क्रमांक पुकारतो. असे २८ क्रमांक आहेत. ज्याचा क्रमांक त्याने उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी गप्प राहायचं. फ्लाइट कंट्रोलर तिथे सेन्सर असल्यासारखा हजेरी देतो. पूर्वी डी मालिकेच्या रिसीव्हरवर ९,६०० बॉडची जी टेलिमेट्री होती, तिच्यात ही हजेरीच नव्हती. सेन्सर आपलं सांगत सुटायचा आणि रिसीव्हर ऐकत राहायचा. म्हणूनच दोन्ही फ्रस्कायचे असूनही एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

पुढे एफपोर्ट आला. त्यात स्टिकचे चॅनेल आणि टेलिमेट्री एकाच तारेवर, १,१५,२०० बॉड. कल्पना उत्तम, एक यूआर्ट वाचतो. पण तोही मुळात उलटाच, त्यामुळे एफ४ वाल्यांचं दुखणं राहिलंच. एसबसचा इन्व्हर्टर एकाच दिशेने काम करतो. आत येणारा सिग्नल तो सुलटा करेल, पण त्याच तारेवरून उत्तर बाहेर कसं जाणार? म्हणून लोक रिसीव्हरच्या बोर्डवर, त्याच्या इन्व्हर्टरच्या आधीच्या बिंदूला केसाएवढी तार डाखून सुलटा सिग्नल बाहेर काढायचे. मी स्वतः भिंगाखाली असे तीन रिसीव्हर केले, त्यातल्या एकाचा पॅड उखडला.

सीआरएसएफमध्ये ही कटकटच नाही. सिग्नल सुलटा, जायची तार वेगळी, यायची वेगळी, वेग सुमारे ४,२०,००० बॉड. फ्लाइट कंट्रोलर हजेरीची वाट बघत नाही, आपले आकडे आपल्या तारेवर टाकत जातो. तुमच्या एफ४ चा कोणताही साधा यूआर्ट यासाठी पुरेसा आहे. तेव्हा जुन्या बोर्डला प्रोटोकॉल अर्धाच कळतो, ही शंका मनातून काढून टाका.

वेगाने काय फरक पडतो तेही बघा. एसबसची एक चौकट (एका वेळी जाणारा आकड्यांचा गठ्ठा) २५ बाइटांची. प्रत्येक बाइटला १२ बिट लागतात, म्हणजे ३०० बिट, म्हणजे नुसती तारेतून जायलाच ३ मिलिसेकंद. सीआरएसएफची चॅनेलची चौकट २६ बाइटांची, प्रत्येकी १० बिट, एकूण २६०. त्या वेगाला ती ०.६ मिलिसेकंदाच्या आसपास पोचते. दोन्हींत आत तेच १६ चॅनेल, प्रत्येकी ११ बिटांचे.

झुंबर

दुहेरी वाट, उलट-सुलटचं ते वाचून माझी एक जुनी चूक आत्ता कळली. मी जुन्या व्हिडिओत पाहून कमांड लाइनमध्ये सिरियल आरएक्सची इन्व्हर्टेड ही सेटिंग ऑन केली होती. माझी समजूत अशी की ऑन म्हणजे उलटा, ऑफ म्हणजे सुलटा. एसबसला ऑन केल्यावर स्टिकच गेल्या.

दुहेरी वाट

ही समजूत खूप जणांची आहे. त्या सेटिंगचा अर्थ प्रोटोकॉलच्या स्वभावाच्या सापेक्ष आहे. ऑफ म्हणजे त्या प्रोटोकॉलचा मूळ स्वभाव पाळा, ऑन म्हणजे त्याच्या विरुद्ध वागा. एसबस मुळात उलटा, त्यामुळे ऑन केलंत की फर्मवेअर सुलटा सिग्नल शोधायला लागतं. टेलिमेट्रीच्या इन्व्हर्टेड सेटिंगचंही तसंच. तार डाखून सुलटा सिग्नल बाहेर काढलेला नसेल, तर दोन्ही ऑफच असू द्या.

हिरवळ

मध्येच विचारते, माफ करा. माझ्याकडे फ्लायस्काय कंपनीचा रिसीव्हर आहे, त्यांच्या आयबस प्रोटोकॉलचा. त्यावर दोन कनेक्टर आहेत, एकावर सर्व्हो लिहिलंय, दुसऱ्यावर सेन्सर. एकाच यूआर्टवर दोन्ही होतील का? बोर्डवर दोनच यूआर्ट मोकळे आहेत.

तारवाला

ताई, दोन मोकळे आहेत तर दोन वापरा, डोक्याला त्रास नाही. सर्व्होचा सिग्नल एका यूआर्टच्या आरएक्स पॅडला. तो १,१५,२०० बॉड, सुलटा, ३२ बाइटांची चौकट, तेव्हा कुठलाही यूआर्ट चालेल. सेन्सरची तार दुसऱ्या यूआर्टच्या टीएक्स पॅडला. हो, टीएक्सलाच. एका तारेवरचं दोन्ही बाजूंचं बोलणं हे फर्मवेअर टीएक्स पॅडवरून करतं, स्मार्टपोर्टलाही तसंच. मग पोर्ट्समध्ये त्या ओळीत टेलिमेट्रीला आयबस निवडा. एकाच यूआर्टवर दोन्ही बसवायची युक्ती आहे, त्यात मध्ये डायोड आणि रेझिस्टर घालावा लागतो. जागा नसेल तरच त्या वाटेला जा.

रानपाखरू

दुहेरी वाट, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. दिव्याचं कोडं सुटलं.

तारवाला, यादी अशी: वन-आरएसएस, टू-आरएसएस, आर-क्वालिटी, आर-एसएनआर, अँटेना, आरएफ मोड, टी-पॉवर, टी-आरएसएस, टी-क्वालिटी, टी-एसएनआर. बस, एवढीच.

वेगवान

टेलिमेट्रीचं गुणोत्तर (किती पाकिटांमागे एक परतीचं) १:२ करून बघा. माझ्याकडेही आकडे येत नव्हते, १:१२८ वर होतं, वाढवल्यावर आले. आणि रिसीव्हरचं फर्मवेअर वायफायवरून नवीन टाका.

तारवाला

वेगवान, तुमच्याकडे ते लागू पडलं असेल, इथे पडणार नाही. कारण सांगतो.

ही दहाच्या दहा नावं रेडिओच्या दुव्याची आहेत. रिसीव्हरला सिग्नल किती ताकदीने आला, शंभरातली किती पाकिटं पोचली, रिमोटच्या मॉड्यूलला परतीचा सिग्नल कसा मिळाला. यातलं काहीही फ्लाइट कंट्रोलरकडून येत नाही. फ्लाइट कंट्रोलर अजिबात जोडला नाही, रिसीव्हरला नुसते ५ व्होल्ट दिले, तरी ही दहा दिसतात. आणि ती दिसताहेत याचा अर्थ हवेतली परतीची वाट उघडी आहे. गुणोत्तर कमी असतं तर आकडे सावकाश आले असते, पण आले असते.

फ्लाइट कंट्रोलरची नावं वेगळी. बॅटरीचा व्होल्टेज, करंट, खर्च झालेली क्षमता, पिच-रोल-यॉ, फ्लाइट मोड, जीपीएस असेल तर तोही. ह्यातलं एकही नाही. मोडसाठी तर कुठला सेन्सरही लागत नाही, फ्लाइट कंट्रोलर नुसता जिवंत असला तरी तो पाठवतो. म्हणजे अडलंय ते फ्लाइट कंट्रोलर ते रिसीव्हर या चार इंची प्रवासात.

स्टिक चालतात, म्हणजे रिसीव्हरच्या टीएक्सपासून आर६ पर्यंतची तार चांगली, वेग बरोबर, प्रोटोकॉल बरोबर. राहिल्या दोनच गोष्टी. एक, टेलिमेट्रीचं बटण बंद असणं. दोन, टी६ ची तार. बटण आधी बघा, ते चालू असेल तर मीटर घ्या. बॅटरी आणि यूएसबी दोन्ही काढा, मीटर बीपवर ठेवा. एक टोक रिसीव्हरच्या आरएक्स पॅडवर, दुसरं टी६ वर. आणि हे टोक सोल्डरच्या गोळ्यावर टेकवू नका, पॅडच्या उघड्या तांब्यावर टेकवा.

झुंबर

हे शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे.

स्थिरपंख

रानपाखरू मीटर शोधेपर्यंत आर्डूपायलट (फ्लाइट कंट्रोलरचं दुसरं एक फर्मवेअर) वापरणाऱ्यांसाठी थोडं लिहून ठेवतो, कारण तिथे चित्र जरा निराळं आहे आणि शोधणारे याच धाग्यावर येतील.

माझं विमान आहे, चार पंख्यांचं नाही. बोर्डवर आरसी-इन नावाचा पॅड होता, एसबससाठी तो झकास चालायचा. त्याच पॅडला सीआरएसएफ लावला आणि टेलिमेट्रीची वाट बघत बसलो. नंतर कळलं की बऱ्याच बोर्डांवर तो पॅड खऱ्या यूआर्टचा नसतो, तो टायमरचा एक पाय असतो, फक्त आत येणारे ठोके मोजतो. त्यावरून बाहेर बोलायची सोयच नाही. सीआरएसएफला पूर्ण यूआर्ट द्यायचा, दोन्ही तारांसकट, आणि त्या सिरियल पोर्टचा प्रोटोकॉल २३ करायचा, म्हणजे आरसी-इन. रिसीव्हरकडून आलेली सिग्नलची ताकद वापरायची असेल तर आरएसएसआय टाइप ३.

मग आरसी ऑप्शन्स ही सेटिंग. त्यात आठव्या क्रमांकाचा बिट चालू केला की पासथ्रू टेलिमेट्री सुरू होते, म्हणजे आर्डूपायलटचे स्वतःचे संदेश आणि इशारे सीआरएसएफच्या चौकटीत गुंडाळून रिमोटवर येतात. यापू स्क्रिप्ट (हे संदेश रिमोटच्या पडद्यावर मांडणारी) वापरणाऱ्यांना हाच लागतो. एक्सप्रेसएलआरएस असेल तर तेराव्या बिटाकडेही बघा. आर्डूपायलट मुळात ४,१६,६६६ बॉड धरून चालतं, तो बिट चालू केल्यावर ४,२०,००० वर जातं. फरक एका टक्क्याहून कमी, बहुतेक वेळा खपून जातो, पण मधूनच चौकटी गळत असतील तर ही पहिली जागा.

मॅव्हलिंकबद्दलही विचारणा होते. तो निराळ्या घराण्यातला. २००९ साली झुरिकला शिकत असताना लोरेंझ मायर यांनी तो सुरू केला, जमिनीवरचा संगणक आणि यान यांच्यातल्या संवादासाठी. पॅरामीटर वाचणं, बदलणं, मोहीम चढवणं, सगळं त्यात आहे, म्हणून तो बोलकाही फार. एक्सप्रेसएलआरएसच्या ३.५ आवृत्तीपासून रिसीव्हरचा सिरियल प्रोटोकॉल मॅव्हलिंक करता येतो आणि एकाच रेडिओवर स्टिक आणि मॅव्हलिंक दोन्ही जातात. मग यूआर्टचा वेग ४,६०,८०० आणि प्रोटोकॉल मॅव्हलिंक २ ठेवायचा. मोहिमा उडवणाऱ्याला याचा उपयोग आहे. नुसता बॅटरीचा आकडा हवा असेल तर सीआरएसएफ पुरे.

रानपाखरू

सापडलं!

बटण चालूच होतं. मीटर लावला. रिसीव्हरच्या पॅडपासून टी६ वरच्या सोल्डरपर्यंत बीप वाजला, तेव्हा वाटलं तार चांगली आहे. मग तारवालांचं वाक्य आठवलं आणि टोक गोळ्यावरून काढून पॅडच्या कडेला, जिथे तांब्याची बारीक रेघ उघडी होती, तिथे टेकवलं. शांत. पिनने गोळा जरा दाबला तर बीप, सोडला तर बंद.

मग भिंग घेतलं. बाजूच्या आर६ वरचं सोल्डर पॅडवर पसरून कडेला उतरत गेलंय, चकचकीत. टी६ वरचा गोळा मात्र मण्यासारखा वर बसलाय, कडेला खाली वाकून बघितलं तर गोळा आणि पॅड यांच्यामध्ये फ्लक्सची तपकिरी काच. तार सोल्डरला धरून होती, सोल्डर पॅडला धरून नव्हतं. पॅड आधी घासला, नवा फ्लक्स लावला, टोक दोन सेकंद जास्त ठेवलं, तेव्हा सोल्डर पसरलं.

बॅटरी लावली, सेन्सर शोधले, आणि नावं भराभर यायला लागली. व्होल्टेज १६.३ आला. पण त्याचं नाव रिमोटवर आरएक्स बॅट असं आहे. हा रिसीव्हरचा व्होल्टेज की मुख्य बॅटरीचा? रिसीव्हरला तर ५ व्होल्ट जातात.

तारवाला

छान काम केलंत. १६.३ आला म्हणजे मुख्य बॅटरीचाच. सीआरएसएफमध्ये बॅटरीची एकच चौकट आहे, व्होल्टेज, करंट, खर्च झालेले मिलिअँपिअर-तास आणि उरलेली टक्केवारी. रिमोटच्या एजटीएक्स फर्मवेअरने त्यातल्या व्होल्टेजला ते नाव दिलंय. नाव बदलता येतं, बदलून टाका. इशाऱ्याचा आकडा मात्र नव्याने ठरवा. स्मार्टपोर्टवर तुम्ही एका सेलचा व्होल्टेज ऐकत असाल तर तो जुना इशारा इथे कधीच वाजणार नाही.

रानपाखरू

हे सांगितलंत म्हणून वाचलो. इशारा ३.५ वर होता!

रानपाखरू

आज उडवलं. पहिली बॅटरी उत्तम, आकडे बोलत होते. दुसरीला माळाच्या टोकाला झाडांच्या रांगेमागे गेलो आणि रिमोट म्हणाला, टेलिमेट्री गेली. छातीत धस्स झालं. तिथल्या तिथे वळवलं, दहा-बारा सेकंदांत पुन्हा आली. नवल म्हणजे गॉगलमधल्या ओएसडीवर (व्हिडिओवर उमटणारे आकडे) लिंक क्वालिटी सगळा वेळ ९८ ते १०० होती. रिमोट म्हणतो गेली, ओएसडी म्हणतो सगळं ठीक. खरं कोणाचं धरायचं?

दुहेरी वाट

दोघंही खरंच सांगताहेत, पण दोन वेगळ्या वाटांबद्दल.

ओएसडीवरचा आकडा असा येतो: तुमच्या रिमोटची पाकिटं रिसीव्हरला मिळाली, त्याने टक्केवारी काढली, तारेने फ्लाइट कंट्रोलरला सांगितली, ती व्हिडिओत उमटली. ही जायची वाट. रिमोट जे म्हणाला ते यायच्या वाटेबद्दल. रिसीव्हरने पाठवलेलं काही काळ माझ्यापर्यंत पोचलं नाही, एवढंच त्याचं म्हणणं.

आणि दोन वाटा सारख्या बळाच्या नाहीत. तुमच्या हातातलं मॉड्यूल १००, २५० मिलिवॉट किंवा त्याहून जास्त ताकदीने ओरडतं. नखाएवढ्या रिसीव्हरवर वेगळा ॲम्प्लिफायर नसेल तर तो दहा-वीस मिलिवॉटच्या आसपास पुटपुटतो. अंतर वाढलं, आडवं झाड आलं, की आधी यायची वाट तुटते. जायची त्यानंतर बरीच टिकते. म्हणजे टेलिमेट्री गेली हा फेलसेफ (रिमोटचा ताबा सुटणं) नाही, इशारा आहे. मात्र तिथून पुढे अजून दूर जायचं नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. टेलिमेट्री तुटल्यावर रिमोटच्या पडद्यावरचा आर-क्वालिटीचा आकडा शिळा असतो, कारण तोही याच वाटेने येतो. त्या क्षणी ओएसडीवरचाच खरा. आणि मॉड्यूलची ताकद आपोआप कमी-जास्त व्हायची सोय चालू असेल, तर तीही टेलिमेट्रीतून येणाऱ्या आकड्यांवरच चालते. म्हणून टेलिमेट्री पूर्ण बंद करून उडवावं असं मी कुणालाच सुचवत नाही.

रिसीव्हरचा अँटेना कसा लावलाय?

रानपाखरू

मागच्या भुजेला चिकटवून, टेपने. कार्बनच्या अगदी लगत. मोकळा ठेवला तर पंखा कापेल अशी भीती वाटली.

दुहेरी वाट

मग तेच. कार्बन वीज वाहतो, त्याला चिकटलेला अँटेना निम्मा मुका होतो. आधीच पुटपुटणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवल्यासारखं. झिप टायवर श्रिंक ट्यूबमध्ये घालून उभा करा, व्हिडिओच्या अँटेनापासून लांब.

माळरान

मी सहसा वाचून जातो, पण आज लिहावंसं वाटलं, कारण वेगवान यांनी गुणोत्तराचा विषय काढला होता आणि तो इथे लागू नसला तरी माझ्या बाबतीत फार महाग पडला.

जीपीएसवालं सात इंची क्वाड होतं. २५० हर्ट्झ, गुणोत्तर नेहमीचं, म्हणजे त्या वेगाला १:६४. परतताना व्हिडिओ गेला, काही क्षणांत टेलिमेट्री गेली, आणि क्वाड कमरेएवढ्या गवतात पडलं. रिमोटच्या सेन्सर पानावर शेवटचे अक्षांश-रेखांश होते. फोनवर टाकून थेट तिथे गेलो. काही नाही. दोन तास त्या बिंदूभोवती फिरलो. सापडलं दुसऱ्या दिवशी, नव्वद पावलांवर.

घरी येऊन हिशेब केला. २५० भागिले ६४, म्हणजे सेकंदाला चारही परतीची पाकिटं नाहीत. प्रत्येकात पाच बाइट मावतात. जीपीएसची एक चौकट १९ बाइटांची, म्हणजे चार पाकिटं, म्हणजे एकट्या जीपीएसलाच एक सेकंद. त्यात बॅटरी १२ बाइट, पिच-रोल-यॉ १०, वर फ्लाइट मोड. शिवाय काही पाकिटं रिसीव्हर स्वतःच्या दुव्याचे आकडे सांगायला वापरतो. एक चक्र पुरं व्हायला तीन सेकंदांहून जास्तच लागतात. माझा वेग तेव्हा सेकंदाला वीस मीटर होता. म्हणजे सगळं सुरळीत असतानासुद्धा रिमोटवरचा बिंदू साठ मीटर मागे असू शकतो, आणि शेवटी शेवटी पाकिटं गळत असतील तर आणखी मागे.

आता मी १:८ ठेवतो. सेकंदाला ३१ पाकिटं परत येतात. त्या बदल्यात २५० मधली तेवढीच स्टिकची पाकिटं कमी होतात, २१९ उरतात. लांब पल्ल्याच्या शांत उड्डाणात हा फरक मला हाताला जाणवत नाही.

वेगवान

शर्यतीत मात्र हे उलटं. तिथे रेस नावाचा पर्याय आहे, जमिनीवर असताना टेलिमेट्री चालू, आर्म केलं (मोटारी उड्डाणासाठी चालू केल्या) की बंद, आणि प्रत्येक पाकीट स्टिकला. तारवाला, वर तुम्ही समजावलंत त्याबद्दल आभार. माझी अडचण मंद आकड्यांची होती, यांची तुटक्या तारेची.

हिरवळ

माझं दोन यूआर्टवर झालं. सेन्सर टीएक्सला लावल्याबरोबर व्होल्टेज आला.

माळरान

अजून एक, जीपीएस लावणाऱ्यांसाठी. पडलेला बिंदू गाठल्यावर तिथून ज्या दिशेला यान जात होतं त्या दिशेने पुढे शोधा. मी गोल गोल फिरलो, ती चूक. बॅटरी जोडलेली राहिली असेल तर रिमोट हातात घेऊन टी-आरएसएस (रिमोटला मिळणाऱ्या परतीच्या सिग्नलची ताकद) बघत चाला. जवळ जाल तसा उणे नव्वदवरचा आकडा उणे साठकडे येतो. अंगाने रिमोट झाकून, स्वतःभोवती फिरून, कुठल्या दिशेला आकडा पडतो तेही बघता येतं. क्वाड तुमच्या पाठीमागे असेल तेव्हा तो पडतो.

रानपाखरू

अँटेना उभा केला, गुणोत्तर १:१६ केलं. आज पुन्हा तीच झाडांची रांग, तीच उंची, मुद्दाम तिथेच घिरट्या मारल्या. टी-क्वालिटी ७० च्या खाली एकदाही आली नाही आणि रिमोट एकदाही टेलिमेट्री गेली म्हणाला नाही. तिन्ही बॅटऱ्या १४.२ च्या इशाऱ्यावर उतरवल्या, उतरल्यावर मीटरने मोजलं तर फरक ०.१ व्होल्टचा होता. तो बोर्डच्या स्केलमध्ये दुरुस्त केला.